भावाला आरपी (डोळ्यांचा आजार) आहे, पण पळणं सोडायला तयार नाही. लांब पल्ल्यात पुढं काही आहे का?

रहिमतपूरची ताई

नमस्कार. माझा धाकटा भाऊ अकरावीला आहे. आठवीपासून पळतो. शाळेकडून १५०० आणि ३००० मीटरला जिल्ह्यापर्यंत गेला. १५०० मीटर सरांच्या घड्याळावर ४ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास जातं त्याचं. सकाळी कालव्याच्या कडेनं एकटाच पळायचा.

गेल्या दिवाळीपासून तिन्हीसांजेला ठेचकाळायला लागला. दारात ठेवलेली बादली दिसत नाही, शेजारून कुणी आलं तर धडक होते. मिरजेला दाखवलं. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, आहे म्हणाले, हळूहळू वाढत जाईल, थांबवायचं औषध नाही. समोरचं मात्र त्याला चांगलं दिसतं, चष्मा लावून जवळजवळ ६/९. पेपर वाचतो, मोबाइल बघतो. त्यामुळं गावात काहीजण नाटक करतोय म्हणतात. त्याला ते फार लागतं.

वडील कारखान्यात आहेत. ते म्हणतात पळणं बंद, पडून हातपाय मोडून घेशील. हा म्हणतो, डोळे गेले तरी पाय आहेत ना.

मला एवढंच विचारायचंय. एवढी नजर असताना त्याला पॅरा स्पर्धेत धरतात का? धरलं तर कुठली शर्यत? दोरी धरून पळणारा माणूस आम्ही कुठून आणायचा? आणि यातून पोट भरण्यासारखं काही होतं का? खरं असेल ते सांगा. कडू असलं तरी चालेल.

निवृत्त शिक्षक, मिरज

ताई, मी शिक्षक होतो, माझ्या वर्गात अशी मुलं होती. पळणं बंद करा असं मी म्हणणार नाही. पण अकरावी-बारावी ही दोन वर्षं महत्त्वाची आहेत. डोळे साथ देत आहेत तोवर फोनवरचा टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवरचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय) शिकून घेऊ द्या. दिसत असताना शिकलं की नंतर जड जात नाही. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करा, शिष्यवृत्तीपासून परीक्षेतल्या जादा वेळेपर्यंत सगळं त्यावर चालतं. खेळात नाव करणारे मोजके असतात, नोकरी मात्र प्रत्येकाला लागते. वडिलांची काळजी खोटी नाही, त्यांच्याशी भांडू नका.

वडूजकडचा

ताई, मलाही आरपीच आहे. पॅरा स्पर्धांत टी ११ गटात (गटांचं खाली सांगतो) १५०० आणि ५००० पळायचो. आता साताऱ्यात बँकेत नोकरी करतो आणि सकाळी अजून पळतो. सरांनी स्क्रीन रीडरचं लिहिलंय ते मनावर घ्या. मी उशिरा शिकलो, बँकेची परीक्षा मला त्यामुळं दुप्पट अवघड गेली. आता पळण्याचं सांगतो.

आधी तो ६/९ चा आकडा बाजूला ठेवा. आरपीमध्ये मधलं बहुतेकदा बराच उशिरापर्यंत बऱ्यापैकी राहतं, आणि कडा आत आत येत जातात. पाइपच्या तुकड्यातून बघितल्यासारखं. पाइपच्या तोंडासमोर पेपर धरला तर अक्षर न् अक्षर वाचता येतं, पण पायाशी कुत्रं बसलंय ते कळत नाही. नाटक म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगा, न समजलं तर सोडून द्या. पॅरा ॲथलेटिक्समध्ये नजरेची तीक्ष्णता मोजतात तसंच दिसण्याचं क्षेत्रही मोजतात. क्षेत्राचा व्यास ४० अंशांपेक्षा कमी असेल तर टी १३, १० अंशांपेक्षा कमी असेल तर टी १२. टी ११ म्हणजे जवळजवळ काहीच न दिसणारे. म्हणून तुम्हाला पहिलं काम आहे फील्ड टेस्टचं, म्हणजे हे क्षेत्र मोजून घ्यायचं. गट ठरवणाऱ्यांना नेत्रतज्ज्ञाचा वैद्यकीय फॉर्म आणि त्यासोबत हा क्षेत्राचा आलेख लागतो, तोही वर्षाच्या आतला. नुसती चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

आणि आरपीवाल्याचा गट एकदा ठरला की कायमचा, असं नसतं. आजार वाढणारा आहे, म्हणून अमुक वर्षी पुन्हा तपासणी, असा शेरा मारतात. मी टी १३ होतो, मग टी १२, मग टी ११. म्हणजे एकाच माणसानं तीन वेगवेगळे खेळ खेळल्यासारखं झालं. टी १३ ला गाइड (तुम्ही म्हणता तो दोरी धरून पळणारा) नाही, एकट्यानं पळायचं. टी १२ ला गाइड घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. टी ११ ला गाइड लागतोच, आणि डोळ्यांवर पट्टी सगळ्यांनाच. कुणाला थोडा उजेड कळतो, कुणाला तेवढाही नाही, तो फरक राहू नये म्हणून.

तुम्ही कडू चालेल म्हणालात म्हणून लिहितो. कमी दिसणाऱ्याला पदक अवघड आणि जास्त दिसणाऱ्याला सोपं, असं लोकांना वाटतं. लांब पल्ल्यात तसं नाही. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये टी १३ ची १५०० मीटर शर्यत अल्जीरियाच्या अब्देललतीफ बाकानं ३ मिनिटं ४८.२९ सेकंदांत जिंकली. त्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये मॅथ्यू सेंट्रोविट्झनं सुवर्ण घेतलं ते ३:५०.०० मध्ये. ऑलिम्पिकची शर्यत डावपेचाची आणि संथ होती हे खरं, पण टी १३ चे पहिले चारही त्या वेळेच्या आत आले होते. तुमचा भाऊ आज टी १३ मध्ये बसला तर ४:४० ला जगात काही किंमत नाही. राज्यात, देशात चालेल, तेवढंच.

टी ११ ला पण जग पुढं गेलंय. ब्राझीलच्या येल्त्सिन जॅक्सनं २०२४ ला पॅरिसमध्ये १५०० मीटर ३:५५.८२ मध्ये मारलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. त्याच्या हाताला हात लावून पळणारा माणूस केवढ्या ताकदीचा असेल, विचार करा. पण आशिया पातळी अजून हाताशी आहे. आपला अंकुर धामा, उत्तर प्रदेशातला, लहानपणीच नजर गेलेला. रिओला तो टी ११ च्या १५०० ला उतरला होता. पुढं २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई पॅरा स्पर्धेत त्यानं दोन सुवर्णं घेतली, ५००० मीटर १६ मिनिटं ३७ सेकंदांत आणि १५०० मीटर ४ मिनिटं २७ सेकंदांत. मुलींमध्ये कर्नाटकची रक्षिता राजू, टी ११ ची १५०० मीटर, जकार्तालाही सुवर्ण आणि हांगझोऊलाही. तुमचा भाऊ अकरावीत ४:४० पळतो म्हणजे ४:२७ च्या मागं दर फेरीला साधारण साडेतीन सेकंद आहे. साडेतीन सेकंद सरावानं येतात. ते दोरी बांधून, काही न दिसता यायला मात्र वर्षं लागतात.

आता गाइडचं. माझं सगळं करिअर या एका गोष्टीवर उभं राहिलं आणि अडलं ते पण यावरच, म्हणून जरा जास्त लिहितो.

गाइड तुमच्यापेक्षा वेगवान लागतो. तुम्ही फुल्ल ताकदीनं पळत असताना त्याला बोलता आलं पाहिजे. तुमचं ४:४० असेल तर त्याचं ४:१५ तरी हवं. साताऱ्यात अशी पोरं कुठं सापडतात? भरतीच्या मैदानावर! पोलीस भरतीला पोरांना सोळाशे मीटर असतं, म्हणजे तुमच्या भावाच्याच शर्यतीपेक्षा शंभर मीटर जास्त. आपल्या जिल्ह्यात गावोगावी पहाटे पाचला ही पोरं पळत असतात, कोरेगावला, वडूजला, दहिवडीला. मला पहिला गाइड तिथंच मिळाला. मी त्याच्या मागनं बुटांच्या आवाजावर पळायचो. एक दिवस तो थांबला आणि म्हणाला, भाऊ, शेजारी या की. बुटाची जुनी नाडी काढली, दोन टोकांना फासे केले, एक माझ्या बोटांत, एक त्याच्या.

पहिला आठवडाभर आम्ही नुसते चाललो. आतले दोन्ही हात एकदम पुढं, एकदम मागं. म्हणजे त्याचा डावा आणि माझा उजवा. मग पायही आपोआप जुळतात, त्याचा आतला आणि माझा आतला. ताल चुकला की कोपराला कोपर आपटतं आणि खांदा वाकडा होतो. एकदा जुळलं की त्याला वळण आलं म्हणायची पण गरज राहात नाही, त्याचा खांदा किंचित झुकलेला दोरीतून कळतो. तरी तो बोलतच राहतो. वळण, तीन, दोन, एक, सरळ. पुढं दोघे आहेत. बाहेरून काढतोय. शेवटचे दोनशे. पट्टीच्या आतल्या अंधारात मला ते मैदान जेवढं नीट दिसलं तेवढं टी १३ ला असताना कधी दिसलं नव्हतं. तेव्हा मी सारखा पायाखाली बघत पळायचो.

मग तो पोलीस झाला. ट्रेनिंगला गेला. त्याच्या घरी पेढे खाताना मला जेवढा आनंद झाला तेवढंच पोटात गलबललं. दुसरा शोधला, तो सैन्यात गेला. ही पोरं जाण्यासाठीच पळत असतात, त्यांना अडवायचं नाही. म्हणून ताई, एका गाइडवर विसंबू नका. दोघं-तिघं तयार ठेवा. ५००० आणि त्यापुढच्या शर्यतीत दोन गाइड चालतात, एक थकला की दुसरा दोरी घेतो. अर्थात दोघांशीही तेवढाच ताल जुळलेला पाहिजे.

शर्यती किती आहेत ते पण बघा. पॅरिसला पुरुषांत लांब पल्ल्याला टी ११ साठी १५०० आणि ५०००, टी १३ साठी तेच दोन, आणि टी १२ ची मॅरेथॉन. बस्स. टी १२ वाल्याला ट्रॅकवर लांब पळायचं तर टी १३ वाल्यांमध्ये जावं लागतं. माझी टी १२ मधली वर्षं अशीच गेली. ज्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त दिसायचं त्यांच्या पाठी बघत. त्या काळात मी हिंमत सोडली नाही ती फक्त यवतेश्वरच्या घाटामुळं. घाट चढताना सगळेच सावकाश आणि सगळेच खाली मान घालून. पण उतार दोरीनं कधीही पळू नका, चालत या.

पोटाचं थोडक्यात. पॅरिसच्या पदकांना केंद्रानं सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५०, कांस्याला ३० दिले. ते आकडे वर्तमानपत्रात छान दिसतात, तुम्ही त्यावर हिशोब मांडू नका. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि दिव्यांगांचं ४ टक्के वेगळं. माझी बँक दिव्यांग कोट्यातली. पळण्यानं मला नोकरी दिली नाही, पण मुलाखतीला ताठ बसायची सवय दिली. आठवड्यातून सहा दिवस पहाटे उठायची सवय पण त्यातलीच.

कृष्णाकाठची

मी सांगलीची, गाइड आहे. स्वतः १० किलोमीटर पळायचे, आता एका टी १२ मुलीबरोबर पळते. दादांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त दोरीच्या दुसऱ्या टोकाचं सांगते.

गाइडनं ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि शेवटच्या रेषेवर खेळाडूच्या आधी पोचायचं नाही. आधी पोचलात की बाद. मला हे शिकायला सगळ्यात जड गेलं, कारण शेवटच्या शंभर मीटरला माझं अंग आपोआप पुढं झेपावतं. आम्ही शेवटचे शंभर वेगळे काढून रोज घोटतो. ती छाती पुढं टाकते, मी खांदा मागं ठेवते.

पॅरिसच्या मॅरेथॉनचं ऐकलं असेल. स्पेनची एलेना कोन्गोस्त टी १२ मध्ये तिसरी येत होती. रेषा दोन-तीन पावलांवर होती आणि तिच्या गाइडच्या पायात गोळे आले, तो कोसळायला लागला. तिनं त्याला धरायला क्षणभर दोरी सोडली. बाद केलं. कांस्य जपानच्या मिसातो मिचिशिताला गेलं. नियम नियम आहे, मी पंचांना वाईट म्हणत नाही. पण तो गाइड त्या रात्री कसा झोपला असेल हे माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मी माझं पाणी, मीठ, झोप सगळं तिच्या शर्यतीच्या वेळापत्रकावर ठेवलंय. गाइड दमून चालत नाही.

याच्या उलट केनियाचा हेन्री वान्योइके. विशीत नजर गेली, २००० च्या सिडनीत ५००० मीटरला उतरला. शेवटी शेवटी त्याच्या गाइडचीच तब्येत बिघडली, तर यानंच त्याला रेषेपर्यंत नेलं आणि सुवर्ण घेतलं. माझी मुलगी (मी तिला मुलगीच म्हणते) हे ऐकून म्हणाली, मॅडम, तुम्ही काळजी करू नका, मी नेईन तुम्हाला.

रस्त्याचं एक. खड्डा आला की नुसतं "खड्डा" ओरडू नका, डावा की उजवा ते आधी सांगा. "डावा खड्डा", "उंच स्पीडब्रेकर, दोन पावलं". आणि मोकळं कुत्रं दिसलं तर आवाज चढवू नका. तुमचा आवाज घाबरला की समोरच्याचे पाय थबकतात, मग पडणं ठरलेलं.

आणि हो, सांगली-साताऱ्याच्या पोराला पॅरा खेळ परके नाहीत. १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेणारे मुरलीकांत पेटकर आपल्या पेठ इस्लामपूरचे. पॅरिसला गोळाफेकीत रौप्य घेणारा सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. वडिलांना ही नावं सांगा. आमच्या भागातल्या माणसांना नावं कळतात.

रहिमतपूरची ताई

सगळ्यांचे किती आभार मानू. मी हे सगळं जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. वडील काही बोलले नाहीत, पण पेटकरांचं नाव आल्यावर म्हणाले, हे ते हवाई दलातले का? नाही हो, सैन्यातले, असं भावानं सांगितलं. तेवढंच बोलणं झालं.

आता भावाचा नवाच हट्ट सुरू झालाय. तो म्हणतो शेवटी टी ११ च होणार आहे ना, मग आतापासूनच डोळ्याला फडकं बांधून सराव करतो. मी अडवलंय. दादा, तुमचं काय मत? आणि दुसरं, कालव्याकडेनं पळू द्यायचं का?

वडूजकडचा

बरोबर अडवलंत. फडकं बांधायला दहा वर्षं पडली आहेत, कदाचित वीस. आरपी कुणाचा किती वेगानं वाढेल हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, आणि जे हमखास बरं करतो म्हणतात त्यांच्या दारात जाऊ नका. आज जेवढं दिसतंय तेवढ्याचा पुरा वापर करून त्यानं पळावं. ४:४० चं ४:२५ करायचं वय हेच आहे. उघड्या डोळ्यांनी कमावलेला दम पुढं पट्टी बांधल्यावरही त्याचाच राहतो.

दोरी मात्र आतापासून. आठवड्यातून दोनदा, हलक्या रपेटीला, भरतीच्या एखाद्या पोराबरोबर, डोळे उघडे ठेवून. तालाची सवय होईल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्यावर विसंबायची लाज मोडेल. मला ती लाज मोडायला दोन वर्षं लागली. गाइड मिळत नव्हता असं मी लोकांना सांगायचो, खरं तर मी मागतच नव्हतो. त्याला पांढरी काठीपण दाखवा. तिन्हीसांजेला वापरायला लागला की गावातलं ते नाटक-नाटक पण थांबेल.

कालवा बंद. एक बाजू पाणी, कडेला भराव खचलेला, आणि त्याच्या नजरेत कडाच नाहीत. शाळेचं मैदान धरा, चुन्याची जाड रेघ मारून घ्या, ऊन वर आल्यावर पळवा. पहाटेचा अंधुक उजेड आरपीला सगळ्यात वाईट, त्यामुळं भरतीच्या पोरांबरोबर पळायचं तर साडेसातची बॅच बघा. डोक्याला टोपी, पुढं झाप असलेली, उन्हाची तिरीप डोळ्यावर आली की आपल्याला काही क्षण काहीच दिसत नाही.

वडिलांना एकदा मैदानावर घेऊन जा. बोलू नका काही, नुसतं घड्याळ त्यांच्या हातात द्या आणि फेऱ्या मोजायला सांगा. फील्ड टेस्टचा आलेख आला की व्यास किती अंश आहे तेवढं इथं लिहा, मग गटाचं आणि राज्य स्पर्धेच्या नावनोंदणीचं पुढचं बोलू.